मृतांचे पुनरुत्थान (ख्रिस्ती धर्म)

येशू ख्रिस्त युगाच्या अंती पुन्हा येईल, तेव्हा सर्व मृत सदेह उठतील आणि त्यांचा न्याय होईल, ही ख्रिस्ती धर्मातील पायाभूत श्रद्धा. आत्मा अमर असतो या कल्पनेशी तिची पुष्कळदा गल्लत होते. येथली आशा देहातून सुटण्याची नाही, देहासकट अख्खा माणूस परत मिळण्याची आहे. पुनर्जन्माशीही तिचा संबंध नाही. जन्म एकच आणि उठणारा माणूस तोच.

श्रद्धेचे मूळ यहुदी आहे. इ. स. पू. दुसऱ्या शतकात अँटिओकस चौथा या राजाने यहुद्यांचा धर्मछळ मांडला. धर्म सोडला नाही म्हणून जे मारले गेले, त्यांना देवाचा न्याय मिळणार तरी कधी, हा प्रश्न तेव्हा टोकाला गेला. दानिएलाच्या ग्रंथाचा बारावा अध्याय त्याचे उत्तर पुनरुत्थानात शोधतो. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात आईच्या डोळ्यांदेखत मरण पत्करणाऱ्या सात भावांची कथा आहे. त्यांतला तिसरा आपली जीभ आणि हात पुढे करतो व हे अवयव देवाकडून परत मिळतील, असे राजाला सुनावतो. येशूच्या काळी यहुद्यांतला परूशी पंथ ही श्रद्धा मानत असे, सदूकी पंथ नाकारत असे.

ख्रिस्ती लोकांनी तिच्यात एक मोठा बदल केला. सर्वांच्या बाबतीत शेवटी घडायचे ते येशूच्या बाबतीत आधीच घडले आहे, अशी त्यांची साक्ष होती. म्हणून प्रेषित पौल येशूला मृतांमधले प्रथमफळ म्हणतो.

पौलाने इ. स. ५०च्या सुमारास थेस्सलनीकाकरांस लिहिलेले पहिले पत्र हे बहुधा नव्या करारातील सर्वांत जुने लिखाण. मॅसिडोनियातल्या या बंदराच्या गावची मंडळी नवीन होती आणि ख्रिस्त आज-उद्या येईल या भरवशावर जगत होती. तोवर त्यांच्यातलीच काही माणसे वारली. मागे राहिलेल्यांना घोर लागला, की आपली माणसे त्या दिवसाला मुकली काय? पौल सांगतो, मुकणार नाहीत, उलट तीच आधी उठतील. कर्णा वाजेल, प्रभू स्वर्गातून उतरेल आणि जिवंत असलेले त्यांच्यासह मेघांतून त्याला सामोरे नेले जातील. उताऱ्याच्या शेवटी तो एकमेकांचे सांत्वन करायला सांगतो. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी व त्याच्या अनुयायांनी याच ओळींवरून अंतकाळाच्या घटनांचा तपशीलवार क्रम रचला. मूळ लिखाण मात्र शोकात बुडालेल्या माणसांसाठी होते आणि ते तसेच वाचले पाहिजे.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल पुढच्या शंकेला भिडतो : उठणारे शरीर कसले? पेरलेले बी आणि उगवलेले रोप यांचे उदाहरण देऊन तो सातत्य आणि पालट दोन्ही सांगतो. उठलेले शरीर अविनाशी असेल, पण ते शरीरच असेल.

ग्रीक विचारात वाढलेल्यांना हे रुचणे कठीण होते. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्यांना मात्र या श्रद्धेचे बळ चांगले कळले होते. १७७ साली ल्योन येथे हुतात्म्यांचे देह जाळून राख रोन नदीत टाकण्यात आली. त्यांना उठण्याची आशाच उरू नये हा हेतू होता, असे इतिहासकार युसेबियसने जतन केलेल्या पत्रात म्हटले आहे. धर्मवेत्ता ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात पुनरुत्थानावरील आक्षेपांचा धीराने परामर्श घेतला आहे. माणसाने माणूस खाल्ला तर ते मांस कोणाचे? ज्याचे ते आधी होते त्याला ते परत मिळेल, असे तो सांगतो. हुतात्म्यांच्या जखमांच्या खुणा मात्र राहतील आणि त्या व्यंग नव्हे तर भूषण ठरतील, असे त्याला वाटते. त्याच्या विवेचनातला हा सर्वांत हृद्य भाग होय.

मृत्यू आणि पुनरुत्थान यांमधल्या काळाबद्दल मतभेद आहेत. पोप बाराव्या बेनेडिक्टने १३३६मध्ये ठरवून दिले, की शुद्ध झालेल्या आत्म्यांना न्यायाच्या दिवसापूर्वीच देवदर्शन घडते. आत्मा तोवर निद्रिस्त असतो, हे मत धर्मसुधारक कॅल्व्हिनने खोडून काढले. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक मृत्यूला आजही जाणीवशून्य निद्राच मानतात. नव्या करारातील प्रकटीकरण या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायातील हजार वर्षांचे राज्य शब्दशः घ्यायचे की प्रतीक म्हणून, यावरही पंथ विभागले आहेत. पुनरुत्थानावर मात्र मुख्य पंथांचे एकमत आहे. प्रेषितांच्या आणि नायसियाच्या विश्वासांगीकारात त्याचा उच्चार येतो.

अंत्यविधीवर या श्रद्धेचा ठसा उमटला. युरोपातील जुन्या दफनभूमींत मृताचे पाय पूर्वेकडे ठेवलेले आढळतात. ख्रिस्त पूर्वेकडून येईल आणि उठणारा त्याच्या सन्मुख असेल, अशी यामागची समजूत आहे. गोवा व वसईतील कॅथलिक लोक २ नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवशी आपल्या माणसांच्या कबरींवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. दहनामुळे पुनरुत्थानाला बाध येतो असे प्राचीन ख्रिस्ती लेखकांनीही मानले नव्हते; मिनुसियस फेलिक्सने दफनाला केवळ अधिक चांगली चाल म्हटले आहे. तरी रोमन कॅथलिक चर्चने १८८६मध्ये दहन निषिद्ध ठरवले. १९६३मध्ये ही बंदी शिथिल झाली. चर्चच्या २०१६च्या आदेशाने रक्षा विखुरण्यास किंवा घरी ठेवण्यास मनाई केली आणि ती पवित्र जागी जतन करण्यास सांगितले.