अभावातून उमगलेला अवयव

काही अवयवांचे कार्य त्यांच्या असण्यावरूनच कळते. हृदयाचे ठोके ऐकू येतात, श्वासागणिक छाती हलताना दिसते. जठराच्या मागे आडवे पसरलेले स्वादुपिंड मात्र मूकच असते. पचनासाठी ते रस पाझरते एवढे एकोणिसाव्या शतकात ठाऊक होते. त्याचे दुसरे कार्य कळले ते त्याला शरीरातून काढून टाकल्यावर. मधुमेहाच्या आधुनिक इतिहासाचे मर्म आम्हांला ह्या गोष्टीत दिसते.

आरंभ सूक्ष्मदर्शकाखाली झाला. १८६९ साली बर्लिनमध्ये पाउल लांगरहान्स ह्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात स्वादुपिंडातील वेगळ्या दिसणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांचे वर्णन केले. त्यांचे काम काय, हे त्याला सांगता आले नाही. १८८८ मध्ये मदेरा बेटावर त्याचे निधन झाले, तेव्हाही ते कोडे सुटलेले नव्हते. पुढे १८९३ मध्ये फ्रेंच संशोधक लागेस ह्याने त्या पुंजक्यांना लांगरहान्सची द्वीपके म्हटले. दिसणे आणि कळणे ह्यांत किती अंतर असू शकते, ह्याचे हे बोलके उदाहरण होय.

हे अंतर कमी झाले ते एका वेगळ्याच प्रश्नामुळे. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे (हे शहर तेव्हा जर्मन साम्राज्यात होते) ओस्कार मिंकोव्स्की आणि योझेफ फोन मेरिंग ह्यांच्यापुढे मधुमेहाचा नव्हे, तर स्निग्ध पदार्थांच्या पचनाचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड पूर्ण काढले. कुत्रा जगला, पण त्याला वारंवार लघवी होऊ लागली. ती तपासली तेव्हा तीत साखर आढळली. त्या लघवीवर माश्या बसल्याने हा शोध लागला, अशी एक कथा सांगितली जाते. कथा आकर्षक आहे, आणि लघवीचा गोडवा 'मधुमेह' ह्या आपल्या प्राचीन शब्दातच असल्याने ती आपल्याला जवळचीही वाटते. परंतु खरे श्रेय माश्यांचे नाही. अति लघवी करणाऱ्या रुग्णाची लघवी साखरेसाठी तपासावी, ही शिस्त मिंकोव्स्कीला रुग्णालयातील कामातून लागलेली होती. इतिहास सांगताना आपण योगायोगाला पुढे करतो आणि अभ्यासाच्या सवयीला विसरतो, हे वाङ्मयाच्या अभ्यासकांना नवीन नसावे.

मिंकोव्स्की एवढ्यावर थांबला नाही. स्वादुपिंडाचा एक तुकडा त्याने कुत्र्याच्या त्वचेखाली रोपला, तेव्हा उरलेले पिंड काढूनही मधुमेह झाला नाही. तो तुकडा काढताच झाला. आतड्याशी ज्याचा संबंध नाही असा तुकडा पुरत असेल, तर त्याचे द्रव्य नलिकेतून नव्हे, थेट रक्तात जात असले पाहिजे. त्या अज्ञात द्रव्याला १९०९ मध्ये बेल्जियमच्या जाँ द मेयर ह्याने लॅटिनमधील 'इन्सुला' म्हणजे बेट ह्या शब्दावरून नाव सुचवले. वस्तू हाती येण्याआधीच तिचे नाव तयार होते. वस्तू आली ती टोरोंटोत, १९२१ मध्ये बँटिंग आणि बेस्ट ह्यांच्या प्रयोगांतून; आणि त्याही वेळी कसोटी होती ती स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांवरच. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन ह्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचण्यात आले. पहिला अर्क पुरेसा ठरला नाही. कॉलिपने शुद्ध केलेल्या अर्काने मात्र गुण आला.

ह्यानंतर माणसावरील शस्त्रक्रियेचा अर्थच पालटला. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅलन व्हिपल ह्याने स्वादुपिंडाचा शीर्षभाग काढण्याची पद्धत मांडली. एकूण पिंडात द्वीपकांचा वाटा जेमतेम एक ते दोन टक्के असतो. म्हणून प्रश्न उरतो तो किती काढले ह्याबरोबरच किती उरले हा. उरलेला भाग निरोगी असेल तर तो बहुधा गरज भागवतो. दीर्घकाळच्या दाहाने तो आधीच झिजला असेल, तर थोडे काढल्यानेही मधुमेह ओढवू शकतो. पुच्छभागात द्वीपके अधिक दाट असतात, हेही शल्यविशारदाला लक्षात ठेवावे लागते. संपूर्ण पिंड काढले तर इन्सुलिनचे उत्पादन थांबते आणि रुग्ण जन्मभर टोचणीवर अवलंबून राहतो. साखर वाढवणारे ग्लुकागॉनही त्याच द्वीपकांतून येत असल्याने ते नाहीसे होते. मग टोचलेल्या इन्सुलिनने साखर अकस्मात खाली घसरली, तर सावरणारा हात उरत नाही. जखम भरते, पण समतोल रोज नव्याने साधावा लागतो.

१९७७ मध्ये मिनेसोटा येथे दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाच्या रुग्णावर एक वेगळा प्रयोग झाला. स्वादुपिंड काढून त्यातील द्वीपके वेगळी करण्यात आली आणि त्याच रुग्णाच्या यकृतात, प्रवेशिका शिरेवाटे, सोडण्यात आली. ही पद्धत आजही काही केंद्रांत वापरली जाते; काही रुग्णांना इन्सुलिनची टोचणी लागत नाही, अनेकांना कमी लागते. मिंकोव्स्कीच्या कुत्र्याच्या त्वचेखालचा तो तुकडा येथे पुन्हा आठवतो. द्वीपकांना घर बदललेले चालते, रक्ताशी नाते मात्र तुटता कामा नये.

ह्या साऱ्या ज्ञानाची किंमत प्रथम मुक्या प्राण्यांनी मोजली, हे नमूद केल्याशिवाय हा वृत्तांत प्रामाणिक होणार नाही. अवयव काढला, आणि त्याच्या रिकाम्या जागेने त्याचे काम सांगितले. आज शल्यविशारद स्वादुपिंडाचा कितीसा भाग मागे ठेवता येईल ह्याचा विचार करतो, तेव्हा तो त्या रिकाम्या जागेनेच शिकवलेला धडा गिरवीत असतो.