गंध हिमालयातल्या मुळाचा

माझे आजोबा साताऱ्याला वैद्यकी करत. माजघरात त्यांचं एक उभं लाकडी कपाट होतं. त्याला पुष्कळ लहान खण होते आणि प्रत्येक खणावर शाईनं लिहिलेली चिठ्ठी डकवलेली होती. सुंठ, वेखंड, नागरमोथा ही नावं वाचताना आम्हा मुलांना काही वाटत नसे. पण तिसऱ्या ओळीतल्या एका खणावर 'कुष्ठ' असं लिहिलं होतं. त्या खणाला आमच्यापैकी कुणीही हात लावत नसे. आजोबांनी रोग खणात कोंडून ठेवलाय, अशी आमची पक्की समजूत होती. एके दिवशी आजोबांनी मला जवळ बोलावलं, तो खण उघडला आणि हाडासारखा दिसणारा एक वाकडा तुकडा माझ्या नाकाशी धरला. ''बाळ, घाबरू नकोस. हे उपलेट. हिमालयातून आलंय,'' ते म्हणाले. जुन्या पेटीतल्या रेशमी वस्त्रासारखा, थोडा गोड, थोडा कडवट असा तो वास होता. तो मी अजून विसरलेलो नाही.

त्या मुळाचा इतिहास आज आपल्यापुढे मांडायचा आहे. एका रानफुलाच्या मुळानं तीन हजार वर्षं माणसाची सोबत केली, समुद्र ओलांडले आणि शेवटी त्याच कीर्तीपायी ते रानातून नाहीसं व्हायची वेळ आली, अशी ही हकिकत आहे.

आधी त्याचं कूळ पाहू. उपलेट हे सूर्यफुलाच्या कुळातलं. या कुळाची खूण सोपी आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरं म्हणजे अनेक बारक्या फुलांचा गुच्छ असतो. झेंडू, शेवंती, करडई, कारळं, माका, एवढंच काय, बांधावर उगवणारा दगडीपाला, ही सगळी या घरची मंडळी. उपलेटाचं झुडूप माणसाच्या उंचीइतकं, कधी त्याहूनही उंच वाढतं. पानं मोठी, कातरलेली. शेंड्याला काळपट जांभळ्या फुलांचे गेंद. ते वाढतं हिमालयाच्या वायव्य भागात, काश्मीरच्या बाजूला, साधारण अडीच ते चार हजार मीटर उंचीवरच्या ओलसर उतारांवर.

त्याचं एक भावंड आपल्या चांगल्या परिचयाचं आहे, निदान नावानं. ते म्हणजे ब्रह्मकमळ. आपल्याकडे गच्चीतल्या कुंडीत रात्री उमलणारं ब्रह्मकमळ पाहायला शेजारीपाजारी जमतात. ती वनस्पती मात्र निवडुंगाच्या जातीची, मूळची मेक्सिकोकडची. खरं ब्रह्मकमळ हिमालयात बर्फाच्या सीमेजवळ फुलतं, ते उत्तराखंडचं राज्यपुष्प आहे आणि उपलेटाच्याच 'सॉसुरिया' या प्रजातीत मोडतं. हे नाव स्वित्झर्लंडच्या सॉस्युर पिता-पुत्रांवरून पडलं. त्यातले वडील १७८७ मध्ये माँ ब्लाँ शिखरावर पोचले होते. पर्वतावरच्या फुलांना पर्वतवेड्या माणसाचं नाव मिळालं, हे योग्यच झालं.

आता इतिहासाकडे वळू. उपलेटाचा सर्वांत जुना उल्लेख अथर्ववेदात येतो. 'कुष्ठ' या नावानं त्याला उद्देशून सूक्तंच रचलेली आहेत. तिथे तो पर्वतावर जन्मलेला, सोमाचा मित्र, 'तक्मन्' नावाच्या तापाला पळवून लावणारा असा येतो. हा ताप म्हणजे हिवताप असावा, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. सोन्याच्या नावेतून या वनस्पतीला आणलं, अशी एक सुंदर कल्पनाही तिथे आहे. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती आणखी एक गोष्ट. हिमवंताच्या उत्तरेला उपजलेला हा कुष्ठ पूर्वेकडच्या लोकांकडे नेला जातो, असं सूक्तकार सांगतो. म्हणजे मूळ एकीकडे आणि गिऱ्हाईक दुसरीकडे, ही स्थिती तेव्हाच होती. ज्याची स्तुती गायची, ते झाड गाणाऱ्याच्या अंगणात नव्हतं.

पुढे आयुर्वेदानं त्याला मानाचं स्थान दिलं. वातहर म्हणून अंगाला चोळायच्या आणि शेक-पोटिसासाठी वापरायच्या द्रव्यांत कुष्ठ श्रेष्ठ, असा चरकसंहितेचा निर्वाळा आहे. दमा, खोकला, त्वचेचे विकार यांतही ते वापरलं गेलं. गंमत म्हणजे 'व्याधि', 'रोगाह्वय' अशी त्याची संस्कृतातली इतर नावंही रोगाचीच आहेत. 'रोगाह्वय' म्हणजे रोगाचं नाव धारण करणारं. आम्ही मुलं त्या खणाला भीत होतो, त्यात आमचा तरी काय दोष?

संस्कृत कुष्ठ ग्रीकांकडे 'कोस्तोस' झालं, रोमनांकडे 'कॉस्टस' आणि अरबांकडे 'कुस्त'. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' हे सागरी प्रवासाचं टिपण लिहिलं. त्यात सिंधूच्या मुखावरचं बार्बारिकॉन आणि नर्मदेच्या मुखावरचं बारिगाझा, म्हणजे आपलं भडोच, या दोन्ही बंदरांच्या निर्यातीत कॉस्टस आहे. भडोचला ते वायव्येकडून, डोंगराळ मुलखातून उतरत येई. याच टिपणात पैठण आणि तेर या आपल्या गावांचा माल गाड्यांवरून भडोचला जात असल्याचं लिहिलं आहे. तेव्हा पैठणचा गाडीवान आणि काश्मीरचं मूळ घेऊन आलेला व्यापारी एकाच धक्क्यावर भेटले असतील, असं म्हणायला हरकत नाही. रोममध्ये हे मूळ औषधांत, अत्तरांत आणि देवापुढच्या धुपात जाई. अरबस्तानातही त्याची मोठी प्रतिष्ठा होती. प्रेषित महंमदांच्या वचनांच्या संग्रहांत हिंदी 'कुस्त'चा औषध म्हणून उल्लेख आहे.

मात्र माल पोचला तरी माहिती पोचली नाही. झाड कुणी पाहिलेलं नव्हतं. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस यानं अरबी, हिंदी आणि सिरियन असे कॉस्टसचे तीन प्रकार सांगितले आणि युरोप दीड हजार वर्षं तेच घोकत राहिला. या घोळावर पहिला नेमका प्रहार झाला तो गोव्यात. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य तिथे राहत होता. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. भारतीय औषधींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. भारतात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी तो एक. त्यात कॉस्टसवर एक स्वतंत्र संवाद आहे. गुजरातेत याला 'उपलोट' म्हणतात, मलायाकडे 'पुचो' म्हणतात, अशी नोंद तो करतो. आणि ठामपणे सांगतो, की कॉस्टस तीन नाहीत, एकच आहे. माल ज्या वाटेनं गेला त्या वाटेचं नाव त्याला चिकटलं. ग्रंथात काय आहे यापेक्षा बाजारात काय आहे ते पाहणारा हा माणूस. तरीही झाड कुठलं, हे त्यालाही उमगलं नाही. ते मांडू-चितोडकडच्या मुलखातून येतं, एवढ्यावरच त्याची माहिती थांबली.

अज्ञानाची एक खूण आपल्या कोकणात दर पावसाळ्यात फुलते. रस्त्याकडेला पांढऱ्या, कागदासारख्या पाकळ्यांची 'पेव' आपण पाहिली असेल. ती आलं-हळदीच्या जवळची. पण लिनियसनं १७५३ मध्ये 'कॉस्टस' हे प्राचीन नाव याच गोतावळ्यातल्या एका वनस्पतीला देऊन टाकलं. त्यामुळे आपली पेवही शास्त्रीय पुस्तकांत बरीच वर्षं कॉस्टस म्हणून वावरली. नाव एकाचं, चेहरा दुसऱ्याचा!

खरा चेहरा दिसला तो १८३० च्या दशकात. सहारनपूरच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा प्रमुख ह्यू फाल्कनर काश्मीरला गेला असताना त्यानं डोंगरउतारावर हे झाड पाहिलं, मूळ हुंगलं आणि ग्रीकांचं कोस्तोस ते हेच, असं दाखवून दिलं. गव्हर्नर जनरल ऑकलंड यांच्यावरून त्यानं त्याला 'ऑकलंडिया' म्हटलं. पुढे ते सॉसुरियात गेलं. ज्या मुळाला जगानं दोन हजार वर्षं सोन्यानाण्यात मोजलं, त्याचं फूल जांभळं आहे हे शास्त्राला कळायला एवढा काळ लागला. काश्मीरच्या मेंढपाळाला ते पहिल्यापासून माहीत होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

काश्मीरमध्ये याला 'कुठ' म्हणतात. शालींना कसर लागू नये म्हणून घड्यांमध्ये कुठ ठेवायची तिथे रीत होती. पण मोठं गिऱ्हाईक होतं चीन. तिथे 'मू शियांग' या नावानं ते पोटाच्या तक्रारींवर आणि देवळातल्या धुपासाठी वापरलं जाई. पंजाबातून कलकत्ता, मुंबई आणि तिथून जहाजानं चीन, असा त्याचा प्रवास. जम्मू-काश्मीर संस्थानानं कुठाचा व्यापार स्वतःच्या हाती ठेवला होता. विक्रम संवत १९७८ मध्ये, म्हणजे इसवी सन १९२१ च्या सुमारास, त्यासाठी खास 'कुठ कायदा' झाला. एका रानफुलासाठी स्वतंत्र कायदा, यावरून त्याचं मोल ध्यानात यावं.

त्याच १९२० च्या दशकात शेजारच्या लाहौल खोऱ्यात कुठाची लागवड सुरू झाली. रोहतांग खिंडीपलीकडचा हा थंड, कोरडा प्रदेश. २०१० च्या ऑगस्टमध्ये, तिथला बोगदा व्हायच्या आधी, मी केलाँगला गेलो होतो. मुद्दाम एकच काम काढलं होतं, आजोबांच्या खणातलं मूळ जमिनीत उभं असलेलं पाहायचं. एका शेताच्या कडेला आठ-दहा झाडं दिसली. शेताची मालकीण सत्तरीच्या पुढची होती. तिनं मागच्या दगडी घराकडे बोट दाखवलं आणि हे घर तिच्या सासऱ्यांनी कुठाच्या पैशावर बांधल्याचं सांगितलं. मग १९४९ मध्ये चीनमध्ये राज्यक्रांती झाली, तो व्यापार आटत गेला आणि भाव कोसळला. लाहौल हळूहळू बटाटा आणि वाटाण्याकडे वळलं. चीननं तोवर आपल्या युन्नान प्रांतात कुठाची स्वतःची लागवड सुरू केली होती. ''मग ही झाडं का ठेवलीत?'' मी विचारलं. ती हसून म्हणाली, ''घरात कुणाचं पोट दुखलं तर बटाटा उगाळून देऊ का?''

रानात मात्र चित्र वेगळं होतं. औषध मुळात असल्यानं ते काढायचं म्हणजे झाड उपटायचं. बी धरण्याआधीच उपटलं तर पुढची पिढीही गेली. लागवडीतसुद्धा मूळ विकण्याजोगं व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. बाजाराला तेवढा धीर नसतो. १९७५ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या 'साइट्स' करारात कुठाचा समावेश झाला आणि १९८५ मध्ये ते सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात गेलं. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीनं वनस्पतींची अनुसूची आली. त्यात अवघी सहा नावं होती आणि त्यांतलं एक कुठाचं. आज ही वनस्पती अतिसंकटग्रस्त गणली जाते.

यात आपला काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे. मूळ दुर्मिळ झालं की त्याच्या नावावर दुसरं काहीतरी विकलं जातं. पुष्करमूळ मिळत नसेल तर कुष्ठ घ्यावं, असं भावप्रकाशात सांगितलं आहे. ते वैद्यानं जाणून-बुजून केलेलं. न सांगता केलेली अदलाबदल मात्र घातक ठरू शकते. चीनमध्ये 'मू शियांग' हा शब्द ज्यांच्या नावात आहे अशा मुळांपैकी एक अगदी वेगळ्या कुळातलं निघालं. त्यातलं द्रव्य मूत्रपिंडं निकामी करतं आणि कर्करोगालाही कारण होतं, हे सिद्ध झालं आहे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका दुकानातून उपलेट म्हणून एक पुडी आणली. मोडून पाहिली, हुंगली. वास काहीच नव्हता. एका परिचित वैद्यांना दाखवली, तर त्यांनी मान हलवली. ते काय होतं, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

आणि खरं उपलेटही जपूनच वापरायला हवं. त्याच्या तेलानं अनेकांच्या त्वचेला ॲलर्जी होते, म्हणून अत्तर उद्योगानं ते बाद केलं. प्रयोगशाळांत त्यातल्या घटकांवर अभ्यास चालू आहे. पण परीक्षानळीतला गुण म्हणजे सिद्ध झालेलं औषध नव्हे. जाणत्या वैद्याला विचारल्याशिवाय कुणी ते पोटात घेऊ नये.

आजोबा गेल्यावर ते कपाट माझ्याकडे आलं. 'कुष्ठ' लिहिलेली चिठ्ठी आता पिवळी पडली आहे. खण रिकामा आहे, पण लाकडाला वास अजून येतो. तो खण मी भरलेला नाही. भरायचाच झाला, तर लाहौलच्या त्या म्हातारीसारख्या कुणाच्या तरी शेतात, रीतसर परवान्यानं पिकलेल्या मुळानं भरीन. डोंगरातून उपटून आणलेला तुकडा मला नको. आपणही उपलेट मागाल, तेव्हा दुकानदाराला एवढं जरूर विचारा, की हे शेतातलं की रानातलं? उत्तर मिळालं नाही, तर पुडी परत करा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)