पिवळ्या वायूची गोष्ट

आषाढ लागला की आपल्या कपाटांतील पुस्तकांना कुबट वास येतो, चामड्याच्या वहाणांवर पांढरी लव चढते, आणि घरातील वडीलधारी मंडळी कडुलिंबाचा पाला नाहीतर डांबराच्या गोळ्या शोधू लागतात. याच बुरशीवर अलीकडे क्लोरीन डायऑक्साइड नावाच्या वायूच्या पुड्या विकल्या जातात. या वायूचा पूर्वेतिहास मात्र घरगुती नाही.

इंग्रज रसायनज्ञ हंफ्री डेव्ही याने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पोटॅशियम क्लोरेटवर गंधकाम्लाची क्रिया करून हा हिरवट पिवळा वायू मिळवला. जरा ऊब लागताच तो स्फोट पावे! हाच त्याचा स्वभाव पुढे आडवा आला. क्लोरीनसारखा तो दाबून नळकांड्यांत भरता येत नाही. हवा तेथेच आणि हवा तेव्हाच तयार करावा लागतो.

शंभरावर वर्षे लोटल्यावर त्याचे भाग्य उघडले ते अमेरिकेतील नायगारा फॉल्स या गावी. तेथील पाण्यात फिनॉलसारखी द्रव्ये होती. शुद्धीसाठी क्लोरीन घालावा, तर त्यांच्याशी संयोग होऊन पाण्याला इस्पितळासारखा दर्प येई. १९४४ साली तेथे क्लोरीन डायऑक्साइड वापरला गेला आणि तक्रार मिटली. कारण हा वायू फिनॉलला नवा दर्प देत नाही, त्याचे विघटनच करतो.

पुढे ऑक्टोबर २००१ मध्ये वॉशिंग्टनला सिनेटच्या एका कचेरीत अँथ्रॅक्सची बीजे भरलेले पत्र उघडले गेले. हार्ट इमारत बंद झाली. डिसेंबरात ती कचेरी सीलबंद करून, आतली हवा मुद्दाम दमट ठेवून, तीत हा वायू सोडण्यात आला. कोरड्या हवेत ही चिवट बीजे दाद देत नाहीत.

एवढा पराक्रम ऐकून काही लोकांनी तो पोटातही घेतला, हे दुर्दैव. सोडियम क्लोराइटमध्ये लिंबाचे सत्त्व मिसळून केलेले ‘औषध’ पिऊ नका, असे अमेरिकी औषध प्रशासनाने २०१९ मध्ये बजावले. तरी २०२० च्या साथीत त्याचा बाजार तेजीत होता.

कपाटाचेच म्हणाल, तर हा वायू बुरशी मारतो, पण भिंतीची ओल नेत नाही. शिवाय रंगीत वस्त्रांचा रंगही उडवतो. हार्ट इमारतीत माणसे परतली ती तपासण्या होऊन, २२ जानेवारी २००२ रोजी. आपण मात्र पुडी ठेवली की त्याच संध्याकाळी दार उघडून नाक आत घालतो.