चिक चॉकलेट: ‘अलबेला’तला ट्रम्पेट

१९५१ चा ‘अलबेला’ हेडफोन लावूनच ऐका. संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं, म्हणजे अण्णांचं. ‘चितळकर’ या नावाने लताबाईंसोबत गायलेतही तेच. पडद्यावर दिसणारा बँड मात्र खराखुरा आहे हं! त्यातला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ. ताजमध्ये जॅझ वाजवायचे आणि स्टुडिओत अण्णांचे साहाय्यक. तेव्हा मल्टीट्रॅक कुठलं? गायक आणि अख्खा वाद्यवृंद एकत्रच रेकॉर्ड व्हायचे. एक सूर चुकला की सगळं पहिल्यापासून. म्हणजे लाइव्हच की! आमच्या भिवंडीत लूमच्या खडखडाटातही तो ट्रम्पेट वेगळा कळतो. पण गाण्यांच्या काही ॲपवर गायक दिसतो, संगीतकार दिसतो, वादकासाठी साधा रकानाही नसतो. इंजिनिअर म्हणून सांगतो, तो बनवणं काही अवघड नाही.