कॅरॉकच्या खाणीतले जर्मन

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टच्या उत्तर टोकाला मोझडेलची ओसाड दरी आहे. तिथे ग्रेन्सगिलचा ओढा कॅल्ड्यू नदीला मिळतो आणि ओढ्याकाठी कॅरॉकची बंद खाण आहे. डेव्हन-कॉर्नवॉल सोडले, तर इंग्लंडात टंगस्टनची खाण झाली ती एवढीच. १८५४ मध्ये एफ. डब्ल्यू. एमर्सन यांनी ती सुरू केली आणि यथावकाश ती थांबली. खरी गंमत पुढे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या आडबाजूच्या डोंगरात विल्यम बॉस आणि फ्रेडरिक बोहम हे दोन जर्मन येऊन ठेपले.

त्यांना इथे काय दिसले?

डोंगराच्या पोटात गारगोटीच्या उभ्या शिरा आहेत, साधारण दक्षिणोत्तर. स्मिथ, हार्डिंग आणि एमर्सन ही त्यांतल्या मुख्य शिरांची नावे. त्यांत काळे, हाताला अनपेक्षित जड लागणारे वोल्फ्रामाइट आहे आणि सोबत शीलाइटही; दोन्ही टंगस्टनची खनिजे. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी स्किडॉचा ग्रॅनाइट थंड होत असताना उष्ण द्रवांनी त्याचा माथा कुरतडला आणि तिथे गारगोटी व अभ्रकाचा ग्रायझेन खडक उरला. हे टंगस्टन ग्रॅनाइटचेच, की भोवतालच्या खडकांतून धुऊन आलेले, यावर अभ्यासकांचे वाद झाले. शिरा ग्रायझेनच्या आसपास एकवटल्या आहेत, म्हणून ग्रॅनाइटचे पारडे जड वाटते. पण शीलाइटला कॅल्शियम लागते. त्याच शिरा शेजारच्या गॅब्रो खडकालाही चिरत जातात, तेव्हा कॅल्शियम तरी त्या गॅब्रोनेच पुरवले असावे.

आता जर्मनांकडे वळू. त्यांना हे टंगस्टन कशाला हवे होते? सोपे उत्तर म्हणजे विजेचा दिवा. पण टंगस्टनच्या तारेच्या दिव्याचे युस्ट आणि हानामान यांचे बुडापेस्टमधले पेटंट १९०४ चे आहे, आणि एका दिव्याची तार मिलिग्रॅममध्ये मोजावी इतकी हलकी असते. एवढ्यासाठी कोणी डोंगर पोखरत नाही.

खरे कारण १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात शोधले पाहिजे. तिथे अमेरिकेच्या बेथलेहेम स्टीलने लेथवर एक हत्यार चालवून दाखवले. त्याचे टोक तापून लाल झाले, लोखंडाचा कीस निळा पडत राहिला, तरी धार शाबूत! टेलर आणि व्हाइट यांचे हे हाय-स्पीड पोलाद. ब्रिटनच्या रॉबर्ट मशेटने १८६८ मध्येच पोलादात टंगस्टन घातले होते, पण लाल तापूनही कापत राहणे ही गोष्टच निराळी. पुढे रुळलेल्या मिश्रणात टंगस्टन १८ टक्के, म्हणजे किलोभर हत्यारात १८० ग्रॅम. एवढ्यात हजारो दिव्यांच्या तारा होतील. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर लागणारे ‘एचएसएस’ टूल याच घराण्यातले.

हे पोलाद हवे, तर आधी खनिजातून धातू वेगळा करायला हवा, आणि त्या विद्येत जर्मनी सर्वांच्या पुढे होता. तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात मोडणाऱ्या ब्रह्मदेशातल्या तवॉयचे वोल्फ्रामाइटही मोठ्या प्रमाणावर तिकडेच जाई. ब्रिटनचे पोलाद कारखानदार टंगस्टनची भुकटी जर्मनीकडून विकत घेत. बॉस आणि बोहम यांना मोझडेलपर्यंत आणणारी वाट हीच असणार. पॅरिसचा लेथ आणि कॅरॉकचे खनिज यांत अवघ्या काही वर्षांचे अंतर आहे. तो योगायोग मानणे अवघड आहे.

१९१३ मध्ये कॅरॉक मायनिंग सिंडिकेट आले. १९१४ मध्ये युद्ध पेटले आणि ब्रिटनच्या ध्यानात आले, की खनिज आपल्या साम्राज्याचे, भुकटी मात्र शत्रूची. मग कॅरॉकचा प्रत्येक टन मोलाचा ठरला. युद्ध संपले, तशी खाणही थांबली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा चाचपणी झाली. १९७० च्या दशकात भाव चढले, तेव्हा अखेरचे उत्पादन झाले. १९८१ मध्ये भाव पडताच काम बंद झाले आणि १९८८ मध्ये खनिज कुटण्याच्या गिरणीच्या इमारती उतरवल्या गेल्या.