गंधयुक्ती : पोथीतली आणि घरातली

सुगंधाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यासमोर एक मूलभूत अडचण उभी राहते. शिल्प भग्न झाले तरी त्याचे अवशेष उरतात, गीताची चाल विसरली तरी शब्द उरतात; गंध मात्र उडून गेला की त्याच्यामागे केवळ त्याची कृती उरते. ती कृतीही ज्या द्रव्यांच्या नावांवर उभी असते, ती नावे अर्थ हरवून बसली तर पोथी शाबूत असूनही शास्त्र मुके होते. घरच्या घरी नैसर्गिक सुगंध सिद्ध करण्याची जी हौस आज पुन्हा दिसू लागली आहे, तिच्याकडे या दृष्टीने पाहिले, तर ती नव्या काळाची फॅशन एवढीच राहत नाही. एका जुन्या आणि बहुतांशी निनावी झालेल्या विद्येशी तिचे नाते जुळते. त्या विद्येचे संस्कृत नाव 'गंधयुक्ती'. वात्स्यायनाने कामसूत्रात दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत ती आहे आणि त्या यादीत ती नागरिकाच्या घराशीच निगडित आहे.

या विद्येचे सर्वांत नेटके प्राचीन विवेचन मिळते ते सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत. ज्योतिषाच्या या आचार्याने गंधयुक्तीवर एक स्वतंत्र अध्याय लिहिला आणि त्यात गंधाला गणिताची शिस्त लावली. सोळा द्रव्यांपैकी कोणतीही चार निवडावयाची, तर अशा निवडी १,८२० होतात. त्या चार द्रव्यांच्या भागांचे एकूण ९६ भेद धरले की गंधांची संख्या १,७४,७२० इतकी होते. याहून लक्षणीय आहे तो त्याचा 'कच्छपुट', म्हणजे सोळा घरांचा कोठा. प्रत्येक घरात एक द्रव्य आणि त्याच्या भागांची संख्या. कोणतीही ओळ, कोणताही स्तंभ वा कर्ण घेतला तरी भागांची बेरीज अठराच येते. भारतीय गणिताच्या इतिहासात जादूच्या चौरसाचा हा एक अत्यंत जुना नमुना मानला जातो आणि तो सुगंधाच्या कृतीसाठी मांडलेला आहे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. कोठा पाहून मिश्रण करणाऱ्याला गणित येण्याची गरज नव्हती; चार घरे निवडावयाची आणि भाग मोजावयाचे, एवढेच त्याचे काम होते.

आता त्या सोळा घरांत काय आहे ते पाहू. अगरु, तुरुष्क, मलय म्हणजे चंदन आणि कुंदुरु ही नावे दरबारी वाटतात. पण त्यांच्याच शेजारी पत्र आहे, ते आपले तमालपत्र. त्वक् आहे, ती दालचिनी. शैलेय आहे, ते दगडफूल. मुस्ता म्हणजे नागरमोथा, मांसी म्हणजे जटामांसी, प्रियंगु म्हणजे गव्हला आणि नख म्हणजे नखला. यांतील पहिली तीन द्रव्ये मराठी घरात गोड्या मसाल्याच्या डब्यात आहेत. पुढची दिवाळीच्या उटण्यात आणि धुपात आढळतात. काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन उटण्याची पुडी बांधून घेणारी गृहिणी वराहमिहिराच्या कोठ्यातीलच काही घरे निवडत असते. मात्र तिला ते कोणी सांगितलेले नसते. उलट 'स्पृक्का' हे नाव कोणत्या वनस्पतीचे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ज्या द्रव्याला स्वयंपाकघरात वा देवघरात आश्रय मिळाला, त्याची ओळख टिकली. ज्याला तो मिळाला नाही, त्याचे नाव कोशात अडकून पडले.

मध्ययुगात या विद्येला राजाश्रय मिळाला. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या 'मानसोल्लासा'त स्नान, विलेपन आणि धूप हे राजाचे उपभोग म्हणून वर्णिले आहेत. परंतु साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहेत ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी प्रकाशात आणलेले दोन ग्रंथ. एक, गंगाधराचा 'गंधसार'. दुसरा, अज्ञात कर्त्याचा 'गंधवाद'. 'गंधसारा'त गंधसिद्धीच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. चूर्णाला सुगंधी द्रवाची पुनःपुन्हा पुटे देणे ते भावन, आचेवर शिजवणे ते पाचन, धुरी देणे ते धूपन, फुलांच्या सहवासात ठेवून गंध मुरवणे ते वासन. बोध आणि वेध या क्रियांत कस्तुरी-कापरासारख्या तीव्र द्रव्यांच्या अल्प मात्रेने मिश्रणाला जाग आणावयाची असते. द्रव्यांचे वर्गीकरणही पान, फूल, फळ, साल, काष्ठ, मूळ, डिंक आणि प्राणिज असे सरळ, हाताळणाऱ्याच्या सोयीचे आहे.

'गंधवादा'चे वैशिष्ट्य असे की, त्याला मराठी टीका जोडलेली आहे. गोडे यांनी या ग्रंथाचा काळ सुमारे १३५० ते १५५० असा मानला. १९८९ मध्ये रामकृष्ण तुळजाराम व्यास यांनी संपादित केलेले हे दोन्ही ग्रंथ बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने त्या टीकेसह प्रसिद्ध केले. आपल्या वाङ्मयेतिहासांनी प्राचीन मराठी गद्याचा विचार मुख्यत्वे महानुभावांच्या अनुषंगाने आणि पुढे बखरींच्या संदर्भात केला. द्रव्ये, मापे आणि कृती सांगणाऱ्या व्यावहारिक गद्याकडे त्यांचे लक्ष क्वचितच गेले. वस्तुतः संस्कृत सूत्र मराठीत उकलून सांगण्याची गरज ज्या टीकाकाराला भासली, त्याच्यासमोर प्रत्यक्ष द्रव्य हाताळणारा, संस्कृत न जाणणारा वाचक असला पाहिजे. देशी भाषेत आलेली ही विद्या केवळ पंडितांची राहिली नव्हती, याचा ही टीका म्हणजे एक पुरावाच होय.

या ग्रंथांतील घरगुती परंपरेचा भर तेलात, पाण्यात वा चूर्णात गंध मुरवण्यावर आहे. तिळांवर फुलांचे थर देऊन मग ते तीळ गाळण्याची पद्धत याच जातीची. पश्चिम आशियाशी आलेल्या संपर्कातून ऊर्ध्वपातनाने काढलेल्या गुलाबपाण्याचा प्रसार वाढला. मराठीतला 'गुलाब' हा शब्दच मुळात फारसी 'गुल' आणि 'आब' यांचा, म्हणजे फूल आणि पाणी यांचा जोड आहे. पाण्याचे नाव आपण फुलाला दिले. गुलाबाच्या अत्तराविषयी जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात नोंदवलेली हकिगतही घरातलीच आहे. नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी करीत असता, गरम गुलाबपाणी ओतलेल्या भांड्यांत पृष्ठभागी तेलकट साय आलेली तिला दिसली. ती थोडी थोडी जमवून तिने अत्तर केले. सलीमा सुलतान बेगमने त्याला 'इत्र-इ-जहांगिरी' असे नाव दिले. या शोधाच्या अग्रमानाविषयी वाद होऊ शकतो. पण ज्या निरीक्षणाचे श्रेय बादशहाने नोंदवले, ते एका गृहिणीच्या भांड्यातले आहे, हे विसरता येत नाही. शोध तिचा, नाव मात्र बादशहाचे!

पुढे कनोजसारख्या गावांत देग आणि भपका यांच्या साहाय्याने अत्तरे काढण्याचा व्यवसाय बहरला. तांब्याच्या देगेतून निघणारी सुगंधी वाफ बांबूच्या नळीने भपक्यात उतरते आणि तेथील चंदनतेलात मुरते. विसाव्या शतकात सुगंधी तेल हा कारखान्याचा माल झाला. म्हैसूरचा सरकारी चंदनतेल कारखाना १९१६ मध्ये सुरू झाला. चंदनतेल दुर्मीळ आणि महाग झाल्यावर अनेक अत्तरांत त्याची जागा द्रव पॅराफिनने घेतली. नाव अत्तराचेच राहिले, अधिष्ठान मात्र बदलले.

आज घरी सुगंध करणारा बहुधा या कारखानदारीच्या बाटल्यांपासून आरंभ करतो. त्याच्या कृतीतही जुनी क्रमवारी ओळखता येते. वाळा, चंदन, ऊद यांसारखे दीर्घकाळ टिकणारे गंध तळाशी, फुलांचे मध्ये आणि लिंबू-संत्र्याच्या सालीचे चटकन उडणारे वरच्या थरात. दहा मिलिलिटर तिळाच्या वा बदामाच्या तेलात सर्व मिळून दहा-बारा थेंब पुरेत. मिश्रण गडद काचेच्या बाटलीत दोन-तीन आठवडे मुरू द्यावे. निव्वळ सुगंधी तेल अंगाला लावू नये आणि लिंबूवर्गीय तेल लावून उन्हात जाऊ नये. त्वचेला अपाय होतो. 'नैसर्गिक' या शब्दाचा मोहही आवरला पाहिजे. एक किलो गुलाबतेलासाठी तीन ते चार टन पाकळ्या लागतात. चंदनाचे नैसर्गिक वृक्ष घटले आहेत. कस्तुरीमृगाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. पोथीतली प्रत्येक कृती आज जशीच्या तशी करणे शक्य नाही आणि इष्टही नाही.

मग या परंपरेतून घ्यावयाचे काय? द्रव्याची ओळख, मापाची शिस्त आणि मुरण्यासाठी द्यावा लागणारा काळ, या तीन गोष्टी. बाटलीवरचे नाव वाचून थेंब मोजणारा मिश्रण करू शकेल; परंतु नागरमोथ्याची गाठ हातात घेऊन ओळखणे ही वेगळी विद्या आहे आणि ती नावाशी बांधलेली आहे. गव्हला, नखला, शिलारस, हिराबोळ हे शब्द आपल्या बोलण्यातून झपाट्याने मागे पडत आहेत. शब्द गेला की दुकानदाराकडे मागणी करता येत नाही. मागणी थांबली की द्रव्य दुकानातून जाते आणि द्रव्य गेले की कृती कागदावर उरते. स्पृक्केचे जे झाले, ते गव्हल्याचे होऊ नये, एवढी दक्षता भाषेच्या अभ्यासकांनी घेतली पाहिजे. 'गंधवादा'च्या अनाम टीकाकाराने संस्कृत सूत्राखाली मराठी ओळी लिहिल्या. उटण्याच्या पुडीत आणि मसाल्याच्या डब्यात दडलेल्या नावांखाली त्यांचे अर्थ लिहून ठेवण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.