औरंगपुऱ्यातून दिसणारे जुने शहर



औरंगपुऱ्यात पाहण्यासारखे काय आहे, असे बाहेरगावचा पाहुणा विचारतो तेव्हा इथला माणूस क्षणभर गोंधळतो आणि त्याला मकबऱ्याच्या रस्त्याला लावून देतो. इथे भाजीबाजार आहे, पुस्तकांची दुकाने आहेत, नाथांचे मंदिर आहे, सरस्वती भुवन आहे. पण पाहुण्याला हवा असतो घुमट किंवा कमान, आणि ते आपल्याजवळ नाही. तरीही या गावाचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर औरंगपुऱ्यासारखी दुसरी जागा नाही, असे मी धाडसाने म्हणतो. मी शाळेत फार काळ बसलेला माणूस नव्हे. आयुष्य कामगारांच्या सभा घेण्यात गेले. इतिहास वाचला तो वाचनालयात, आणि उरलेला पायी हिंडून. त्यामुळे माझी नजर राजवाड्याकडे कमी आणि कामाच्या जागेकडे जास्त जाते, हे आपण समजून घ्यावे.

मुख्य तारखा आपणां सर्वांस ठाऊक आहेत. १६१० साली मलिक अंबराने खडकी या गावाजागी निजामशाहीची राजधानी वसवली. हा हबशी वंशाचा मनुष्य लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला होता, आणि पुढे मोगलांना दक्षिणेत त्याने वर्षानुवर्षे दमवले. १६१२ साली त्याने विजयाची खूण म्हणून भडकल दरवाजा उभारला. १६१६ साली मोगलांनी खडकी जाळली. १६२१ साली पुन्हा उद्ध्वस्त केली. १६२६ साली अंबर वारला आणि त्याच्या मुलाने, फतेहखानाने, गावाला फतेहनगर हे नाव दिले. १६५३ पासून औरंगाबाद. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नावांविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. मी त्यात भर घालत नाही. मला विचार करण्याजोगी वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. दोनदा बेचिराख झालेले गाव त्याच जागी पुन्हा का उठले?

उत्तर जमिनीखाली आहे. शहराच्या उत्तरेला डोंगर आहेत. त्या डोंगरांच्या पोटात पावसाचे पाणी मुरते. मलिक अंबराने ते झिरपते पाणी भुयारी मार्गांत गोळा केले आणि उताराच्या बळावर गावात आणले. तीच नहर-ए-अंबरी. मोट नाही, रहाट नाही, पंप तर नाहीच. वाटेत जागोजाग विहिरीसारखी तोंडे ठेवली, की माणसाने आत उतरून गाळ काढावा. पुढे बुरुजासारखे मनोरे बांधले. पाणी आपल्याच दाबाने त्यांत वर चढते, गाळ तळाशी बसतो, कोंडलेली हवा निघून जाते आणि मग खापरी नळांतून पाणी हौदांकडे व कारंज्यांकडे धावते. पुढच्या काळात आणखी नहरी निघाल्या. पाणचक्कीची नहर त्यांतलीच. बुखाऱ्याजवळच्या गझदवानहून आलेल्या बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी डोंगराचे पाणी उंचावरून पाडून त्या बळावर जाते फिरवले, आणि फकिरांसाठी व वाटसरूंसाठी पीठ दळले. इंजिनाशिवाय चालणारी ही गिरणी पाहिली की मला, एका जुन्या गिरणीकामगाराच्या मुलाला, तिचा हेवा वाटतो.

आता पुऱ्यांची नावे पाहा. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही अंबराच्या मराठा सरदारांची. जयसिंगपुरा, जसवंतपुरा, कर्णपुरा, पदमपुरा, पहाडसिंगपुरा ही मोगलांच्या चाकरीत आलेल्या राजपूत आणि बुंदेल्या सरदारांची. सरदार आला की त्याची फौज, तिचे घोडे, कारागीर आणि बाजार मागोमाग येत. पुरे असे सरदारांच्या नावाने ओळखले गेले. पण औरंगपुऱ्यातून दहा मिनिटे चाला. एका बाजूला बारूदगर नाला लागतो, पुढे रंगारगल्ली, गुलमंडी, मछली खडक, कुंभारवाडा, कासारी बाजार. दारू करणारे, रंगारी, फुलवाले, मासेवाले, कुंभार, कासार! सरदारांनी पुऱ्यांना नावे दिली आणि गल्ल्यांना नावे दिली ती हातांनी काम करणाऱ्यांनी. पुस्तकांत त्यांचा उल्लेख मिळत नाही, तो रस्त्याच्या पाटीवर मिळतो. आणि यांतले कितीतरी धंदे पाण्यावाचून एक दिवस चालत नाहीत. रंगाऱ्याला सूत धुवायला पाणी लागते, कुंभाराला माती भिजवायला, दौलताबादेकडच्या कागजीपुऱ्यातल्या कागद्याला लगद्यासाठी. लोटा कारंजा हे वस्तीचे नाव तर पाण्याची आठवण उघडच सांगते.

मोठ्या इमारतींवर कारागिरांची नावे क्वचित आढळतात, म्हणून मकबऱ्याच्या दाराशी मी नेहमी थांबतो. तिथे अताउल्ला आणि हंसपत राय ही दोन नावे कोरलेली आहेत. एक वास्तुविशारद, दुसरा बांधकामाचा अभियंता. दगड वाहणाऱ्यांची नावे मात्र तिथेही नाहीत.

१६८२ साली औरंगजेबाने मराठ्यांच्या भीतीने शहराला तट घातला. त्या तटाचे आज तुकडेच उरले आहेत. बावन्न दरवाजांचे शहर असे आपण अभिमानाने म्हणतो. प्रत्यक्ष उभे आहेत त्यांची संख्या फार कमी आहे. पैठण, दिल्ली, रंगीन, काळा, रोशन, मकई, बारापुल्ला, महमूद ही नावे आपल्या जिभेवर आहेत, कारण त्यांच्याखालून किंवा शेजारून आपण रोज जातो. मकई, बारापुल्ला आणि महमूद दरवाजे खाम नदीच्या पुलांवर उभे राहिले, आणि घोडेस्वारांसाठी बांधलेल्या त्या पुलांवरून आपण मोटारी आणि बसगाड्या नेल्या. तट निरुपयोगी झाला तेव्हा त्याचे दगड घरांच्या पायांत गेले. ज्या दरवाजांतून रस्ता चालू राहिला, ते पुष्कळदा वाचले. वापर असला की डागडुजी होते. कोणत्याही यंत्राची हीच कथा आहे. तेल घालणारा माणूस कामावरून काढा, आणि सहा महिन्यांनी यंत्र पाहा.

नहरीचे तेच झाले. १७६३ च्या सुमारास निजामाचा दरबार हैदराबादेस गेला, सरदार गेले, पुरे ओस पडू लागले. हिमरू विणणारे राहिले. १८८९ साली कापसाची गिरणी आली, १९०० साली मनमाडहून रेल्वे आली, तरी लोक नहरीचेच पाणी पीत होते. पुढे नळ आले, १९७६ साली पैठणला जायकवाडीचे धरण पुरे झाले आणि गोदावरीचे पाणी पंपाने उपसून चढावर शहरात येऊ लागले. आता नहरीत उतरून गाळ काढायला कोण जाणार? तोंडे बुजली, काहींवर घरे आली, पाया खणताना खापरी नळ फुटले. इकडे धरणाचे पाणी नळाला काही दिवसांच्या अंतराने येते. वाळूजच्या कामगारवस्तीत टँकरपुढे उभ्या राहिलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. जुन्या नहरीने आजच्या लाखोंच्या शहराची तहान भागेल असे मी म्हणत नाही. परंतु उतारावर फुकट येणारे पाणी मातीखाली गाडून आपण वीज जाळून पाणी वर ओढतो, हा हिशेब मला तरी जुळत नाही.

एक गोष्ट राहिली. औरंगपुऱ्याला कमान नाही, पण १९१५ साली सुरू झालेली सरस्वती भुवन संस्था आहे. उर्दू हीच राज्याची आणि वरच्या शिक्षणाची भाषा असलेल्या निजामी अमलात मराठीसाठी धडपडणाऱ्यांचा तो आधार होता. १९२९ च्या गश्ती निशाण त्रेपन्नप्रमाणे सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढावी लागे. आज इथे मी बोलतो आहे आणि आपण ऐकता आहात, ही गोष्ट १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी सहजासहजी घडली नसती. व्याख्यानही वापरात ठेवावे लागते.

म्हणून एक मागणी करतो. सवयीच माणूस आहे, क्षमा असावी. नहरीची किती तोंडे आज उघडी आहेत आणि किती बुजली, याची वाडावार यादी नागरिकांनी करावी. जुन्या वाड्यांत हौद असतात. घरातल्या म्हाताऱ्यांना पाणी कुठून येई ते आठवते. ती आठवण पुढच्या दहा वर्षांत संपेल. वही आणि मापाची फीत एवढेच साहित्य लागते. औरंगपुरा, रंगारगल्ली आणि गुलमंडी एवढा भाग आमचे चार कामगार मित्र रविवारी पाहणार आहेत. बेगमपुऱ्याचा भाग आपल्यापैकी कोणी अंगावर घेईल काय, एवढे विचारून मी आपली रजा घेतो.